घुमटाखाली तानपुरा नाही: सीएसएमटीवरच्या एका वाद्यवृंद रचनेचं प्रकरण

सीएसएमटीच्या मोठ्या घुमटाखाली एकही गाडी येत नाही. खाली जिना आहे. हे सांगितलं की मुंबईतली पक्की लोकलवाली माणसंही आधी "काहीतरीच काय" म्हणतात आणि मग आठवून बघायला लागतात. घुमट ज्या इमारतीवर आहे ती मुळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कचेरी. आज मध्य रेल्वेचं मुख्यालय. फलाट तिच्या बगलेला आहेत. प्रवासी सबवेतून वर येतो, इंडिकेटर बघतो आणि पळतो. घुमट डोळे भरून बघायचा तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जावं लागतं. तीही इमारत त्याच फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, १८९३ सालची.

या स्टेशनावर वाद्यवृंदासाठी एक रचना करताना काय काय झालं, कुठे अडलं आणि कसं सुटलं, त्याची ही नोंद. त्यात माझं काम अरेंजरचं: संगीतकाराने दिलेलं स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचं, कुठलं वाद्य काय वाजवणार ते ठरवायचं, पार्ट काढायचे आणि तालमीला हजर राहायचं.

संगीतकार ही दादरला ख्यालगायनाची तालीम घेतलेली गायिका. बंदिशी बऱ्याच बांधलेल्या, दोन-तीन नाटकांना संगीत दिलेलं, पण चाळीस वादकांसाठी पहिल्यांदाच लिहीत होती. ती भातखंडे लिपीत लिहायची: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. वादकांमध्ये निम्मे स्टुडिओत वाढलेले, निम्मे नुकत्याच परीक्षा दिलेली तरुण मुलं. काम नोव्हेंबरातल्या जागतिक वारसा सप्ताहासाठी होतं. २००४ साली युनेस्कोच्या यादीत आलेली वास्तू, त्यामुळे विषय आयोजकांनीच ठरवून दिला होता.

मागणी

बारा-तेरा मिनिटं, "मुंबईची शान" जाणवली पाहिजे आणि शेवट भव्य हवा. सोबतच्या टिपणात सिंह-वाघही होते. फाटकाच्या खांबांवर बसलेले ते दोघे, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. कल्पना अशी, की डावीकडे व्हायोलिनं आणि हॉर्न, उजवीकडे सतार-तबला, आणि शेवटाला दोघांची जुगलबंदी. हे दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचतंच. संगीतकाराने पहिल्याच बैठकीत ते गोड बोलून बाजूला ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "फाटकावरचे प्राणी बघून घरातलं काय कळतं, सांग."

तिच्याही वहीत न टिकणाऱ्या गोष्टी होत्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं कोरीव काम तिला फार आवडायचं. माकडं, मोर, पानंफुलं, कमानींच्या कोपऱ्यांतून डोकावणारे चेहरे. प्रत्येकासाठी ओबो-क्लॅरिनेटची एकेक छोटी जागा तिने लिहिली होती. जागा सुरेख होत्या, पण ओळीने वाजल्या की माहितीपटाचं पार्श्वसंगीत व्हायचं. त्यातल्या दोन ठेवल्या.

मापांचा मोह

दुसऱ्या बैठकीला तिने तक्ता आणला. उंची, रुंदी, कमानींची संख्या, दोन बाजूंचे पंख, आणि समोर त्यांची गुणोत्तरं. या गुणोत्तरांवरून लयीचे विभाग पाडायचे, असा बेत होता. वास्तूवर संगीत लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला या वाटेने जावंसं वाटतं. मी तिला फ्लॉरेन्सची हकीकत सांगितली.

२५ मार्च १४३६ ला फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा अर्पणविधी झाला. त्यासाठी गिलॉम डुफे या संगीतकाराने एक मोटेट, म्हणजे अनेक आवाजांत गायची धार्मिक रचना, रचलं. त्यातल्या चार विभागांच्या काळाचं प्रमाण ६:४:२:३ असं आहे. १९७३ साली चार्ल्स वॉरेन यांनी मांडलं की ही त्या कॅथीड्रलचीच मापं आहेत. मांडणी इतकी देखणी की ती पुस्तकापुस्तकांतून फिरली. मग १९९४ साली क्रेग राइट यांनी दाखवलं की कॅथीड्रलची मापं तशी जुळतच नाहीत. हे आकडे बायबलमधल्या शलमोनाच्या मंदिराचे, साठ, चाळीस, वीस आणि तीस हातांचे. डुफेच्या मनात वास्तू होती हे खरं, पण ती डोळ्यांसमोरची नव्हती. आणि मुख्य म्हणजे इतकी शतकं ते मोटेट ऐकणाऱ्या कुणालाही कानाने यातलं काहीच ओळखता आलं नाही.

आकडा ऐकू येत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तिने त्या गोष्टीतून दुसरंच उचललं. फ्लॉरेन्सचा तो घुमट ब्रुनेलेस्कीने सेंटरिंगशिवाय उभा केला, असं मी बोलता बोलता म्हणालो होतो. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचाही तसाच ना?"

तसाच. १८७८ साली सुरू झालेल्या या बांधकामात अष्टकोनी दगडी घुमटाच्या फासळ्या डव्हटेल पद्धतीने एकमेकींत अडकवून, खालून सेंटरिंग न देता चढवल्या होत्या, आणि त्या काळी ते मोठं नवलाचं काम मानलं गेलं. इमारतींच्या जतनाचं काम करणाऱ्या एका स्नेह्याने आम्हाला ते कागदावर काढून समजावलं. सेंटरिंग म्हणजे काय हे मुंबईत कुणाला सांगायला नको. स्लॅब पडायच्या आधी खाली उभं असलेलं बांबू-फळ्यांचं जंगल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कमान किंवा घुमट पुरा होईपर्यंत त्याचं वजन हा सांगाडा पेलतो. तो नसेल तर दगडाचा प्रत्येक थर पुरा झाल्याक्षणी स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे, आणि पुढचा थर त्याच्यावर बसला पाहिजे. "वरचं पुरं होईल तेव्हा खालचं धरेल" अशी उधारी चालत नाही.

ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. मग म्हणाली, "आपल्याकडे सेंटरिंग म्हणजे तानपुरा."

इथून रचनेला दिशा मिळाली. माझ्या मते या कामातली खरी कल्पना ही एकच. बाकी सगळं तिच्या मागून आलं.

नियम

रागसंगीत वाद्यवृंदात आणताना आपण नव्वद टक्के वेळा एकच करतो. डबल बास आणि चेलोला षड्ज धरून ठेवायला सांगतो आणि वर राग मांडतो. खाली सा भक्कम असला की वर काहीही कलतं, वळतं, तरी राग ओळखू येतो. तिने ठरवलं की घुमटाच्या भागात हा आधार काढून घ्यायचा. बास गप्प. टिंपनी गप्प. कुणीही कुणालाही खालून धरायचं नाही. तंतुवाद्यांचे चार आवाज चौकोन मांडतील, मग प्रत्येक आवाज दुभंगून आठ होतील, कारण खालच्या चौकोनी जागेवरून वरचा अष्टकोन उचलायचा तर चार कोपरे भरावे लागतात. पुढे आठ आवाज थराथराने वर चढतील. प्रत्येक थर आपल्या पायावर.

त्याआधीचे दोन भाग याच्या उलट. पहिला भाग फलाटांचा: बासमध्ये सा सतत, व्हायोलांत तीन-तीन-दोनचा न थांबणारा ठेका, आणि चेलोंत खालून वर घसरत जाणारा सूर, नव्या थ्री-फेज लोकलची मोटर सुटताना निघतो तसा. दुसरा भाग जिन्याचा: तोच सा, पण क्षीण होत जाणारा. फलाटाच्या भागातली एकही ओळ घुमटात जाणार नाही, हे तिने निक्षून सांगितलं. गर्दीला घुमट दिसत नाही, तर मग संगीतात तरी तो तिला का दाखवायचा?

आयोजकांच्या भव्य शेवटाला याने सुरुंग लागला होता. ते प्रकरण पुढे येईलच.

राग तिने मारवा घेतला. कचेऱ्या सुटायची वेळ, सूर्यास्त, आणि मारवा त्याच वेळेचा. पण तिचं कारण वेगळं होतं. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावरही मारवा बसून राहत नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यावरच त्याचा सारा डोलारा. आधाराचे दोन्ही स्वर, एक वर्ज्य आणि एक दुर्मिळ. सेंटरिंगशिवायच्या घुमटाला याहून नेमका राग कुठला सापडणार? कागदावर हे इतकं बिनचूक होतं की मीही लगेच मान डोलावली.

पहिलं वाचन

सा म्हणून पाश्चात्त्य पद्धतीतला सी धरला होता. पहिले दोन भाग वाचनात ठीक गेले. घुमट सुरू झाला, बास थांबले, चार आवाज आठ झाले, आणि थोड्याच वेळात संगीतकाराचा चेहरा बदलला. वाजत होतं ते सुंदर होतं. प्रसन्न, मोकळं, शांत. मारवा मात्र नव्हता.

व्हायोलाच्या पहिल्या खुर्चीवरचे अंकल, ज्यांनी फिल्म सेंटरपासून सगळे स्टुडिओ पाहिलेत, वाद्य मांडीवर ठेवून म्हणाले, "बाय, हे तर ए मेजर. पेंटाटॉनिक, पाचच स्वरांचं."

ती म्हणाली, "अंकल, हा भूप राग आहे."

दोघंही एकच सांगत होते. कागद घेऊन कुणीही पडताळून पाहावं. मारव्याचे स्वर सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. यातला सा काढून टाका. राहिले रे, ग, म, ध, नी. आता धैवतालाच सा माना: नी होतो त्याचा रे, कोमल रे होतो ग, गंधार होतो प, तीव्र मध्यम होतो ध. सा रे ग प ध. चोख भूप. सी-च्या हिशेबात ए, बी, सी शार्प, ई, एफ शार्प. मूर्च्छनेचा, म्हणजे स्वर तेच ठेवून सा बदलण्याचा, हा खेळ गाणाऱ्यांना ठाऊक असतो, पण मैफलीत तानपुरा तो होऊ देत नाही. तानपुरा वाजतोय तोवर धैवत कितीही लांबवा, तो घरापासून दूरच वाटतो. तानपुरा थांबवा, की कान जवळचं घर शोधतो, आणि मारव्यातल्या धैवताच्या अंगाला भूपाचं घर तयारच असतं. मारव्याची सगळी हुरहूर त्या नसलेल्या, पण ऐकू येत राहणाऱ्या षड्जातून येते. आम्ही तो षड्जच काढून घेतला होता.

माझ्या नोटेशननेही त्याला हातभार लावला होता. कोमल रे मी सी शार्प असा लिहिला होता, कारण व्हायोलिनवाल्यांना तो वाचायला सोयीचा. पण ए, सी शार्प, ई हे कागदावर एकत्र दिसलं की वादकाचा हात त्याला ए मेजर म्हणूनच वाजवतो; सी शार्पवर निवांत बसतो. दुसऱ्या तालमीआधी सगळ्या पार्टमधले ते स्वर मी डी फ्लॅट करून टाकले. पियानोवर दोन्ही एकच पट्टी. तंतुवाद्यात मात्र डी फ्लॅट दिसला की वादकाला तो सी-कडे उतरायला निघालेला वाटतो, आणि तो त्याला थोडं अस्वस्थ ठेवतो. फरक बारीक, पण समोर बसलेल्याला ऐकू येणारा.

एवढ्याने मात्र भागलं नाही.

काय करून पाहिलं

सोपा उपाय होता, तानपुरा परत आणा. आणला. राग क्षणात मारवा झाला, आणि रचना क्षणात इतर शंभर फ्यूजन रचनांसारखी झाली. मग बासला अगदी मंद सा धरायला सांगितला. कंडक्टरांचं मत, कुणाला कळणारही नाही. "मला कळेल ना," संगीतकार म्हणाली. तिच्या हट्टाचा तेव्हा मला थोडा वैताग आला होता, हे कबूल. तालमीच्या हॉलचं भाडं तासावर होतं.

उपयोगी पडली ती एक चाचणी. तिच्या गुरुभगिनीला आणि गाण्याचा गंध नसलेल्या एका-दोघांना तालमीला बसवलं. घुमटाच्या मध्यावर कंडक्टरांनी अचानक हात थांबवायचा आणि ऐकणाऱ्यांनी आपल्याला वाटेल तो सा गुणगुणायचा. पहिल्या मसुद्यात सगळे ए गुणगुणले, मारव्याची उत्तम तालीम असलेली बाईसुद्धा. कुठल्याही चर्चेपेक्षा या चाचणीने आमचे वाद लवकर मिटवले. रागावर वाद्यवृंदासाठी काम करणाऱ्यांनी ती जरूर करून पाहावी. पैसे लागत नाहीत.

शेवटी उत्तर घुमटाच्या सांध्यांतच मिळालं. वाद्यवृंदात एक वाद्य ओळ सोडतं तेव्हा त्याचा शेवटचा स्वर आणि पुढच्या वाद्याचा पहिला स्वर एकमेकांवर चढवायचा, ही आमची नेहमीची डव्हटेलची पद्धत. मी हे सांधे धैवतावर किंवा गंधारावर ठेवले होते, कारण तिथे ओळ नैसर्गिकपणे थांबते. ते सगळे सांधे षड्जावर आणले. जाणारं वाद्य कोमल रिषभावर संपायला येतं. येणारं वाद्य त्याच्या पोटात सा-ला निसटता स्पर्श करून लगेच नी-वरून वर निघतं. सा कुणी धरत नाही. पण प्रत्येक सांध्यात तो आहे. आठ आवाज, आठ सांधे, आणि दर थराला कान एकदा घरी जाऊन येतो. नियम मोडला नाही, कारण आधार खालून येत नव्हता. थर जिथे थराला अडकतो तिथेच तो होता.

शिवाय जिन्याच्या भागात सा संपवण्याऐवजी लांबवला. तो जितका वेळ कानात मुरतो, तितका पुढे आठवणीत टिकतो. चाचणीत आता गुरुभगिनी बिनचूक सी गुणगुणली. न गाणाऱ्यांपैकी एकाने सी, दुसऱ्याने काहीतरी तिसरंच. कंडक्टर म्हणाले, चालेल.

सभागृहात नवीन कटकट निघाली. तालमीची खोली कोरडी होती, पंख्यांच्या घरघरीसकट. सभागृहात घुमारा लांब. रिषभ वाजून गेला तरी हवेत रेंगाळायचा, आणि त्याच्यावर तो निसटता सा आला की दोन्ही एकमेकांत कालवले जायचे. जे सांधे खोलीत स्वच्छ ऐकू येत होते ते तिथे धूसर झाले. लय कमी करणं हा एक मार्ग होता, पण मग वरचे थर सांडले असते. आम्ही सांध्यातला सा बोने वाजवण्याऐवजी पिझिकाटो केला, तार छेडून, म्हणजे त्याला टोक आलं. अंकलनी तो कसा छेडायचा हे मुलांना दाखवलं: बोट तारेवर सपाट नाही, जरा तिरकं, आणि सोडल्यावर डावा हात लगेच उचलायचा नाही.

भव्य शेवटाचं काय झालं

घुमटावर 'प्रगती'चा पुतळा आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. आयोजकांना तिथे सगळी वाद्यं एकत्र आणि झांजांचा कडकडाट हवा होता. संगीतकाराने लिहिलेल्या शेवटात आठ आवाज वर जाऊन एकाच स्वरावर मिटत होते, आणि तो स्वर सा नव्हता, धैवत होता. बैठक तापली. आयोजकांचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला आता टाळ्या वाजवायच्या हे कळायला हवं. तोडगा असा निघाला: घुमट मिटल्यावर फलाटाचा ठेका पूर्ण वाद्यवृंदात परत येईल, जोरात, सा-सकट, कारण घुमटाचं काहीही झालं तरी गाड्या सुटतातच. यात गर्दीने घुमट पाहिला नाही हा तिचा मुद्दा शाबूत राहिला, आणि झांजाही वाजल्या. मला विचाराल तर हा शेवट तिच्या मूळ शेवटापेक्षा सरस आहे. तिला विचाराल तर ती विषय बदलते.

कार्यक्रम नीट झाला. मध्यंतरात एका आजोबांनी तिला गाठून विचारलं की मधला तो भाग मारवा की पूरिया. दोन्हीत स्वर तेच, त्यामुळे हा प्रश्न म्हणजे पावतीच होती. भूप कुणी म्हणालं नाही.

नंतर आयोजकांचा निरोप आला की शाळांच्या कार्यक्रमासाठी सहा मिनिटांची आवृत्ती हवी, "फक्त घुमटाचा भाग द्या, तोच सगळ्यांना आवडलाय." आम्ही तो सुटा वाजवून पाहिला. आधीचे फलाट आणि जिना काढले की कानात सा मुरलेलाच नसतो; सांध्यांतले आठ निसटते षड्ज एकटे पुरत नाहीत आणि मधल्या थरापासून भूप डोकं वर काढतो. तिने नकार कळवला. शाळांना फलाटांचा भाग दिला, शेवटच्या झांजांसकट. मुलांना ती लोकलची मोटर फार आवडते म्हणे.